तुमची रेंज कोणती?

पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा रस्ता बंद होतो. काही वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टात तो असाच बंद झाला आणि भामरागडच्या पलीकडच्या एका उपकेंद्रातली परिचारिका आलापल्लीत अडकून पडली. रजा संपलेली, एसटी पुढे जात नाही, म्हणून ती मामांकडे उतरली. मामा वनखात्यातले. वनरक्षक म्हणून लागले आणि ३४ वर्षांनी क्षेत्र सहाय्यक म्हणून निवृत्त झाले. दोन दिवस बाहेर पावसाची झड, आत छपरीत चहा, आणि मामा-भाचीची एका शब्दावरून जुंपलेली. दोघांचे बोलणे झाडीबोलीत चालले होते. इथे ते प्रमाण मराठीच्या जरा जवळ आणले आहे.

सुरुवात साधीच होती. भाची विहिरीच्या कठड्यापाशी उभी राहून फोन लावत होती. ती परत आली.

“सकाळपासून लावते आहे जी. आमची आशाताई रेंजमध्येच नाही.”

“रेंजमध्ये नाही म्हणजे?” मामांनी विचारले. “तुझं गाव तर रेंजच्या पार मधोमध आहे. मी दोन वर्षं होतो तिथं.”

भाचीला हसू आले. मामांना आले नाही. “तुम्हा पोरांनी त्या शब्दाची पार माती केली,” ते म्हणाले, आणि मग वाद सुरू झाला.

मामांची बाजू समजायची तर आधी जंगल कसे वाटले आहे ते पाहावे लागते. बाहेरच्या माणसाला आलापल्लीपासून सिरोंचापर्यंत एकच सागवान दिसते. खात्याला तसे दिसत नाही. गडचिरोली वनवृत्तात गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड आणि सिरोंचा असे पाच विभाग. विभागाच्या पोटात रेंजा, रेंजच्या पोटात राउंड, राउंडात बीट, आणि बीटात क्रमांक दिलेले कंपार्टमेंट. पंचनाम्याच्या कागदावर यांनाच वनपरिक्षेत्र, उपक्षेत्र, नियतक्षेत्र आणि कक्ष म्हणतात. बीट वनरक्षकाचे, राउंड क्षेत्र सहाय्यकाचे, रेंज रेंजरची. साग चोरीला गेला, वणवा लागला, वाघाने बैल मारला, तर कोणाला विचारायचे हे या उतरंडीवरून ठरते.

“रेंज म्हणजे जबाबदारी,” मामांनी सांगितले. “हद्दीवर बाउंड्रीचे दगड असतात. जाळरेषा असते. १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम, तेव्हा त्या रेषेवरचा पालापाचोळा झाडून काढावा लागतो. रेषेच्या इकडं लागलं तर आमचं, तिकडं लागलं तर त्यांचं. आता तू म्हणतेस रेंज येते आणि जाते. पाऊस आला की गेली, खांबावर चढलं की आली! अशा शब्दावर कोणी भरवसा कायले ठेवावा?”

भाचीचे म्हणणे वेगळे होते. तिच्या गावात एक मोहाचे झाड आहे. गावापासून थोड्या चढावर, देवस्थानाच्या अलीकडे. त्याच्या खालच्या फांदीला तारेने एक स्टीलचा डबा टांगलेला आहे, झाकण नसलेला. त्या डब्यात फोन आडवा न ठेवता उभा ठेवायचा, तोंड नदीच्या दिशेला करायचे, स्पीकर चालू करायचा आणि आपण खाली उभे राहून बोलायचे. फोन हातात घेतला की आवाज तुटतो. डबा कोणी टांगला ते आता गावात कोणाला आठवत नाही. पण बाळंतीण अडली की माणूस धावतो तो त्या झाडाकडे, आणि १०८ ची गाडी येते ती त्या डब्यातून गेलेल्या आवाजावर. गाव त्याला ‘रेंजचं झाड’ म्हणते.

“त्या झाडाले तुम्ही काय म्हणाल?” तिने विचारले. “परिक्षेत्राचं झाड?”

असे झाड, अशी टेकडी, असा पुलाचा कठडा गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांच्या आतल्या भागात बऱ्याच गावांना ठाऊक असतो. डोंगर मध्ये आला की लहरी अडतात. सपाट आणि मोकळ्या मुलखातही जुन्या जीएसएम टॉवरचा फोन ३५ किलोमीटरच्या पुढे चालत नाही, कारण लहर जाऊन येण्याच्या वेळेच्या गणितातच तेवढी मर्यादा घातलेली आहे. दाट झाडीत आणि खोऱ्यात तो पल्ला आणखी कितीतरी घटतो. नक्षलग्रस्त भागांसाठी केंद्र सरकारने दहा राज्यांत उभारलेल्या २,३४३ टॉवरांचे टू-जी बदलून फोर-जी करायला मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजुरी दिली. शहरात तेव्हा फाइव्ह-जीच्या गोष्टी चालल्या होत्या. ज्या गावाला डब्यातला फोन माहीत आहे, त्या गावात ‘रेंज’ हा शब्द उसना किंवा फॅशनचा राहत नाही. तो विहीर किंवा रस्ता या शब्दांच्या पंगतीत जाऊन बसतो.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वेगळीकडून सुरुवात केली.

“ठीक आहे. मी एक वाक्य सांगतो, तू अर्थ सांग. ‘वाघ रेंजबाहेर गेला.’”

भाचीने विचार केला. “कॉलरचा सिग्नल मिळत नाही.”

“हा एक झाला. माझ्यासाठी काय? वाघ शेजारच्या रेंजमध्ये गेला. आता तिकडच्या साहेबाले फोन करा, आमचा ट्रॅप कॅमेरा काढा, त्यांचा लावा. आणि बेशुद्ध करणाऱ्या डॉक्टरसाठी? वाघ डार्टच्या टप्प्याबाहेर गेला. म्हणजे समोर दिसतो आहे, पण मारता येत नाही. आणि अभ्यास करणारे येतात त्यांच्यासाठी? वाघानं आपली होम रेंज सोडली, नवी शोधतो आहे. एक वाक्य, चार माणसं, चार अर्थ. आणि चौघं एकाच जीपमध्ये बसलेले असतात!”

हे ऐकताना भाचीने मान डोलावली, कारण पुढे मामा काय सांगणार हे तिला माहीत होते. वडसा आणि ब्रम्हपुरीकडच्या घरांत ते सगळ्यांनाच माहीत आहे. सीटी-१ म्हणून नोंदलेल्या एका वाघाने गडचिरोली जिल्ह्यातला वडसा विभाग, चंद्रपूर जिल्ह्यातला ब्रम्हपुरी विभाग आणि भंडारा विभाग, या तिन्हींत मिळून १३ माणसे मारली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी तो वडसा भागात बेशुद्ध करून पकडला गेला. तीन विभाग, तीन जिल्हे आणि एक जनावर. वाघाला नकाशातली रेषा दिसत नाही, हे सगळेच म्हणतात. त्या महिन्यांत सरपणाला किंवा धानाच्या बांधीवर जाणाऱ्या बाईला मात्र ती रेषा फार जवळून भेटली होती, कारण वाघ नेमका कोणाच्या हद्दीत आहे यावर पिंजरा कोण लावणार हे ठरत होते.

मामांचा मुद्दा इथे खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. ज्या शब्दावर माणसाचा जीव टांगलेला आहे, तो शब्द जीपमधल्या चौघांना एकच ऐकू यायला हवा.

पण मग उपाय काय? मामांचा उपाय ठरलेला होता: मराठीत प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द आहे, तो वापरा. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. बंदुकीची रेंज म्हणजे टप्पा. सावज टप्प्यात आले, असे शिकारी म्हणत आले आहेत. तोफेची किंवा क्षेपणास्त्राची रेंज म्हणजे पल्ला. गोळीबार शिकायची रेंज म्हणजे चांदमारी. डोंगराची रेंज म्हणजे रांग. वस्तूच्या भावाची रेंज म्हणजे इतक्यापासून इतक्यापर्यंत. “इंग्रजाकडं शब्द कमी होते म्हणून त्यानं एकाच बाईले सगळी कामं लावली,” मामा म्हणाले. “आपल्या घरात माणसं आहेत, तर आपण कायले तिलाच राबवावं?”

हे बोलणे छान आहे, पण इंग्रजीवर अन्याय करणारे आहे. त्या भाषेत शब्द कमी नव्हते. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून तिकडे आला तेव्हा त्याचा अर्थ होता ओळ, रांग. माणसे ओळीने उभी करणे, मग ओळीने हिंडणे, मग हिंडण्याइतका प्रदेश, मग हात किंवा बाण पोहोचेल तेवढे अंतर. राजाच्या राखीव रानात हिंडून पहारा करणारा तो रेंजर. एकेक अर्थ आधीच्या अर्थाचे बोट धरून आला. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाच्या हाताखाली हिंदुस्थानात वनखाते सुरू झाले. पुढे राखीव जंगलांची आखणी झाली, आणि ही उतरंड नावांसकट आपल्याकडे उतरली.

गंमत अशी की मराठी आणि हिंदी कारभाराने या शब्दाला प्रतिशब्द शोधताना एकदा नेमके त्याचे मूळच पकडले होते. चंद्रपूरच्या वन अकादमीचे आधीचे नाव होते वनराजिक महाविद्यालय. वनराजिक म्हणजे रेंजर. संस्कृतात राजि म्हणजे ओळ. वनराजी हा शब्द मराठी कवितेत आणि वर्णनात नेहमी येतो. नदीकाठची वनराजी, डोंगरउतारावरची वनराजी. ज्याने हा प्रतिशब्द घडवला त्याने रेंज या शब्दाच्या पोटातली ओळ बरोबर ओळखली होती. आणि डोंगराची ‘रांग’ तर कानालाही रेंजची बहीण वाटते, अर्थात हे नाते कानापुरतेच समजावे.

पण वनराजिक कोणी म्हटले नाही. महाराष्ट्राने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापले, पदांना मराठी नावे दिली, आणि रेंजर झाला वनक्षेत्रपाल. हा शब्द स्पर्धा परीक्षेच्या जाहिरातीत अजून आहे. क्षेत्रपाळ म्हणजे शिवेवरचा राखणदार देव, त्याला नारळ फोडतात. पदनामाला इतके घरचे नाव क्वचितच मिळते. तेही बोलण्यात रुजले नाही. आता पाटीवर असते वनपरिक्षेत्र अधिकारी. आणि मोहफुले वेचणारी बाई तिघांनाही एकच नाव देते: रेंजरसाहेब.

“तीन शब्द दिले सरकारनं,” भाची म्हणाली. “एकही लोकांनी घेतला नाही. तुम्ही तरी घेतला का? तुम्ही घरात कधी परिक्षेत्र म्हणालात?”

मामा म्हणाले, “कागदावर लिहिलं.”

“कागदावरचं परिक्षेत्र तरी एका अर्थाचं आहे का?”

तिने इथे बरोबर दुखरी जागा पकडली. पोलिसांच्या रेंजलाही परिक्षेत्रच म्हणतात. गडचिरोली परिक्षेत्राचे पोलीस उपमहानिरीक्षक असे पद आहे आणि त्या परिक्षेत्रात गडचिरोली आणि गोंदिया हे दोन अख्खे जिल्हे येतात. एकट्या गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. वनखात्याचे परिक्षेत्र त्याचा एक लहानसा तुकडा. शब्द तोच आणि जिल्हाही तोच, पण एकाच्या पोटात दुसरे कितीतरी वेळा मावते. इंग्रजी शब्द काढून मराठी बसवला तेव्हा त्याच्याबरोबर गोंधळही जसाच्या तसा भाषांतरित झाला. टप्पा घ्या. तो शिकाऱ्याचा आहे, तसा एसटीचाही आहे. भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. चेंडूही टप्पा खातो. पट्टी घ्या. हा सगळा मुलूख झाडीपट्टी, त्यातून पाणीपट्टी भरायची, फूटपट्टीने मोजायचे आणि जखमेला पट्टी बांधायची.

भाचीने मग जो शब्द काढला त्याला मामांकडे उत्तर नव्हते. तो शब्द वावर.

पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रात ‘बिबट्याचा वावर’ छापतात, म्हणजे बिबट्याचे हिंडणे-फिरणे. वाघाच्या होम रेंजसाठी यापेक्षा चांगला मराठी शब्द सापडणे कठीण आहे. कोणत्याही समितीने तो घडवलेला नाही, बातमीदारांच्या हातून तो आपोआप तिथे आला. पण वरोरा-राजुऱ्याकडे आणि सगळ्या वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. ‘वावरात गेला’ म्हणजे शेतात गेला. तो वावर आणि ते वावर. एक पुल्लिंगी, दुसरे नपुंसकलिंगी, आणि कोणाचीही कधी फसगत होत नाही. ‘वाघाचा वावर आमच्या वावरात आहे’ हे वाक्य चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी न अडखळता बोलतो आणि ऐकणाऱ्यालाही अर्थ विचारावा लागत नाही.

अर्थ अनेक असणे हा शब्दाचा दोष नव्हे, हे एवढ्या एका वाक्यातून दिसते. मराठी माणूस लिंगावरून, प्रत्ययावरून, क्रियापदावरून अर्थ वेगळा करतो. रेंजच्या बाबतीतही तेच झाले आहे. रेंज ‘येते’, ‘जाते’, ‘मिळते’, ‘पकडते’ ती फोनची. रेंज ‘बदलते’, रेंजला ‘बदली होते’, रेंज ‘सांभाळतात’ ती जंगलाची. बजेट रेंज‘मध्ये बसते’. बंदुकीच्या रेंज‘मध्ये येतात’. हे नियम कोणी शिकवले नाहीत. परका शब्द घरात घेताना भाषेने त्याला आपल्या क्रियापदांची माणसे नेमून दिली.

जनावरांचा वावर मात्र कोणत्याच कागदाला जुमानत नाही. २०१९ मध्ये कॉलर लावलेला एक तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून १,३०० किलोमीटरहून जास्त चालला आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगेला जाऊन पोहोचला. त्याचे नावच वॉकर पडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशाकडून आलेला रानटी हत्तींचा कळप छत्तीसगड ओलांडून गडचिरोलीत शिरला. कमलापूरचे पाळीव हत्ती इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले. रानटी कळप ही वेगळीच गोष्ट होती. धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या, घरे पडली. हत्ती कोणत्या रेंजमध्ये आहेत, हा प्रश्न तेव्हापासून गावेही विचारू लागली.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर मामांनी भाचीला सहज विचारले की तिच्या कामात या शब्दाने कधी घोटाळा केला का. तिने प्रामाणिकपणे सांगितले.

पहिल्या वर्षीची गोष्ट. एक गरोदर बाई तपासणीला आली. हिमोग्लोबिन साडेआठच्या आसपास. गरोदरपणात ते ११ च्या वर असावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. रिपोर्टावर छापलेले असते ‘नॉर्मल रेंज’, म्हणून हिच्या तोंडून निघून गेले, “तुझं रक्त रेंजमध्ये नाही.” बाईने मान हलवली आणि ती निघून गेली. गोळ्या घ्यायला पुढच्या आठवड्यात आली नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. शेवटी आशाताईने घरी जाऊन विचारले तेव्हा कळले. बाईला वाटले होते की रक्ताची नोंद फोनने पाठवायची असते, आज रेंज नाही म्हणून गेली नाही, रेंज आली की नर्सबाई आपणहून बोलावेल.

“चूक तिची नव्हती,” भाची म्हणाली. “तिनं तो शब्द जिथं ऐकला होता, तिथलाच अर्थ लावला. तेव्हापासून मी म्हणते, रक्त कमी आहे. हातानं दाखवते, इतकं हवं, इतकंच आहे. सिकलसेलचा रिपोर्ट समजावतानाही रेंज हा शब्द तोंडात येऊ देत नाही.”

मामा जिंकल्यासारखे हसले नाहीत. त्यांनी विचारले, “बाई बरी आहे ना?”

“बरी आहे. पोरगं अडीच किलोच्या वर भरलं.”

या दोघांच्या बोलण्यात एक जागा अशी आली की जिथे दोन्ही रेंजा एकमेकींच्या समोर उभ्या राहतात, आणि या लेखाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. रानटी जनावराने गुरे मारली किंवा माणसाला जखमी केले, तर भरपाईसाठी घटना ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावी लागते. माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना राज्य सरकार आता २५ लाख रुपये देते. पंचनाम्यात कक्ष क्रमांक हवा, नियतक्षेत्र हवे, परिक्षेत्र हवे. आता ज्याचा बैल नदीपलीकडे मारला गेला आहे त्या माणसाची अवस्था पाहा. रेंजला कळवायचे तर रेंज हवी. पूर आला आहे, पूल बुडाला आहे, मोहाच्या झाडापर्यंतची वाट चिखलाची. ४८ तास त्या दिवशीही ४८ तासच असतात. वणव्याचेही तसेच. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग टिपून मोबाइलवर संदेश पाठवते, कोणत्या रेंजमध्ये, कोणत्या बीटात. संदेश ज्याच्यासाठी आहे तो वनरक्षक त्या वेळी नेमका त्या बीटात, डोंगराच्या पायथ्याशी असतो, आणि संदेश त्याला मिळतो तो गावात परतल्यावर.

हे ऐकून मामांचा आवाज खाली आला. त्यांच्या वेळी निरोप घेऊन सायकलवर माणूस यायचा, आणि उशीर झाला तर तारीख कशी लिहायची हा प्रश्न त्यांच्यापुढे अनेकदा आला होता. त्यांनी काय लिहिले ते सांगितले नाही. भाचीनेही विचारले नाही.

रात्री जेवणानंतर मामांनी पेटीतून एक नकाशा काढला. सरकारी नव्हे, त्यांनी स्वतः नोकरीत असताना ट्रेसिंग कागदावर उतरवून घेतलेला, घड्यांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवलेला. नाले निळ्या शाईने, हद्द लाल शाईने, कंपार्टमेंटचे आकडे पेन्सिलीने. काही ठिकाणी आकड्यांशेजारी बारीक अक्षरात त्यांनी आणखी काही लिहिलेले होते. भाचीने कंदिलाजवळ धरून वाचले. गोंडी-माडियातली टेकड्यांची, नाल्यांची नावे होती ती.

“हे कायले लिहिलं?”

“गावकऱ्यांना कंपार्टमेंट नंबर सांगून काय उपयोग? त्यांना त्यांच्या नावानं विचारलं की पाच मिनिटांत जागेवर नेऊन उभं करायचे.”

इथे भाचीने एक गोष्ट बोलून दाखवली, जी या वादात आधीच यायला हवी होती. रेंज म्हणा की परिक्षेत्र म्हणा, ही दोन्ही नावे वरून आली. त्याआधी या जंगलाला वाटणी नव्हती असे नाही. गावाची शीव होती. अनेक गावे मिळून इलाका होता, पट्टी होती. एटापल्ली तालुक्यात सुरजागड इलाक्यातली गावे अजून एकत्र बसतात, दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतात. इलाका हा शब्दही मुळात अरबी, फारसीतून आलेला. पण तो इथे इतका मुरला की लोकांनी त्यात आपला देव बसवला. खात्याची रेंज जंगल कोणाच्या ताब्यात आहे ते सांगते, आणि इलाका म्हटले की त्या जंगलात कोण राहते ते कळते.

मामांना हे पटले का? अर्धवट. ते म्हणाले की इलाका म्हटले की जबाबदार माणूस कोण, हे कळत नाही. भाचीने मेंढ्याचे नाव घेतले.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडला तरी गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि ते पुस्तक असते वनखात्याकडे. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि ते परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. परवान्यावर सही करणारा माणूस त्या दिवशी बदलला. रेंज नकाशावर जिथे होती तिथेच राहिली.

“मी तेव्हा नोकरीत होतो,” मामा म्हणाले. “आमच्यातले काही नाराज झाले. मले वाटलं, चला, आता तोड मोजायले गावच येईल सोबत.” ते थोडे थांबले. “आणि आलंही.”

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्याची बातमी आली. एसटी आठ वाजता सुटणार होती. पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि भामरागड. भाचीने पिशवी भरली. निघता निघता फोन वाजला. आशाताई होती, झाडाखालून बोलत होती, मागे कोंबडा आरवत होता. दोन बाळंतपणे झाली होती, दोन्ही सुखरूप. एक बाळ लहान आहे, ते आईच्या पोटाशी कापडात बांधून ठेवले आहे, तुम्ही आलात की वजन करू. आवाज मध्ये मध्ये तुटत होता. “डबा जरा फिरव,” भाची ओरडून सांगत होती, “नदीकडं तोंड कर!”

फोन झाल्यावर मामांनी नकाशा पुन्हा उघडला.

“ते झाड कुठं म्हणालीस? देवस्थानाच्या अलीकडं?”

“चढ सुरू होतो तिथं. डाव्या हाताला नाला.”

मामांनी बोट लाल रेषेवरून आत नेले, निळा नाला ओलांडला, पेन्सिलीच्या एका आकड्यापाशी थांबले. तिथे त्यांनी कानावरच्या पेन्सिलीने एक लहान वर्तुळ काढले. पेन्सिल ओठांना लावून क्षणभर विचार केला, मग वर्तुळाशेजारी लिहिले, मोह, आणि त्याच्या खाली, बोलायची वेळ सायंकाळी ५ ते ६. बाहेर एसटीचा हॉर्न वाजत होता.